वाचकांचे प्रश्न : छेद लहान, शस्त्रक्रिया मोठी

स्थूलतेवरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी, म्हणजे बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरांतील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असल्याने स्वतःची औषधे किंवा आहार आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोणीही बदलू नये, ही विनंती.

प्रश्न : माझे वय ३८, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन १०२ किलो आहे. गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. मला स्लीव्ह शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. "दुर्बिणीतून होते, चार-पाच भोके पाडतात, तिसऱ्या दिवशी घरी" असे सांगणारे अनेक जण भेटतात. मग ही किरकोळ शस्त्रक्रिया समजायची का?

किरकोळ समजू नका आणि घाबरूनही जाऊ नका. "दुर्बिणीतून" हा शब्द शल्यविशारद पोटात कोणत्या वाटेने शिरतो एवढेच सांगतो. आत गेल्यावर काय केले जाते, याविषयी तो काहीच सांगत नाही. पूर्वी याच शस्त्रक्रियेसाठी छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत पोट उघडावे लागे. जखम चिघळणे, पुढे त्याच जागी हर्निया होणे, वेदनेमुळे खोल श्वास घेता न आल्याने फुप्फुसांत कफ साचणे हे त्रास स्थूल रुग्णांना इतरांपेक्षा जास्त होत. १९९३ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी प्रथमच दुर्बिणीतून गॅस्ट्रिक बायपास (जठराचा बराचसा भाग वगळून अन्नाला नवी वाट देणारी वजन घटवण्याची दुसरी शस्त्रक्रिया) केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. रुग्णांचा जखमेपायी होणारा त्रास तिने फार कमी केला, यात शंका नाही.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. पूर्ण भूल दिल्यानंतर पोटाच्या भिंतीत साधारण ५ ते १२ मिलिमीटरचे चार ते सहा छेद घेतात. आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छेदातून कॅमेरा आणि इतर छेदांतून लांब दांड्याची उपकरणे आत जातात. जठरावर पसरलेला यकृताचा भाग वर उचलून धरला जातो. मग जठराच्या बाहेरच्या, फुगीर कडेला येणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करून ती कड मोकळी केली जाते. तोंडावाटे जठरात एक ठरावीक जाडीची नळी सरकवतात आणि तिच्या आधाराने स्टेपलरने जठर उभे कापले जाते. हे स्टेपलर एकाच वेळी कापते आणि दोन्ही कडांना बारीक धातूचे टाके घालते. जठराचा जवळपास तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कायमचा बाहेर काढला जातो आणि शर्टाच्या बाहीसारखी अरुंद नळी मागे राहते. स्लीव्ह हे नाव त्यावरूनच पडले. भूक वाढवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक प्रामुख्याने ज्या भागात तयार होते तो भागही निघून जात असल्यामुळे, निदान सुरुवातीच्या काळात, भूकच कमी लागते. काढलेले जठर परत जोडता येत नाही. ही शस्त्रक्रिया किरकोळ नाही असे मी म्हणतो ते या कारणासाठी.

शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा खांदा का दुखतो, असे रुग्ण हमखास विचारतात. आत भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चेतते आणि श्वासपटलाची व खांद्याची संवेदना मानेतून निघणाऱ्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांशी जोडलेली असल्याने दुखणे खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ते ओसरते. मळमळ होते, विशेषतः स्लीव्हनंतर, आणि त्यासाठी औषधे दिली जातात. त्याच दिवशी, काही तासांतच, तुम्हाला उठवून चालवतील. त्यात निष्ठुरपणा नाही. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी चालण्यासारखा दुसरा उपाय नाही. गुंतागुंत नसेल तर एक ते तीन दिवसांत घरी जाता येते, बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येते आणि जड वस्तू उचलणे साधारण चार ते सहा आठवडे टाळावे लागते.

धोक्याबद्दल मोघम बोलणे मला पटत नाही. अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांचा पहिल्या ३० दिवसांपर्यंत पाठपुरावा करणारा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे दर हजारी ३ होते, आणि त्या रुग्णांत पोट उघडून शस्त्रक्रिया केलेलेही होते. अनुभवी केंद्रांमध्ये आज हा धोका पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४२च्या आसपास आहे. या वजनासह पुढची २० वर्षे काढण्यातही धोका आहे, आणि तुलना त्याच्याशी करायला हवी. आणखी एक गोष्ट : संमतीपत्रात "गरज पडल्यास पोट उघडून" असे वाक्य असेल. क्वचित तसे करावे लागते, आणि योग्य वेळी तो निर्णय घेणारा शल्यविशारद रुग्णाचे हितच पाहत असतो.

प्रश्न : मी ५१ वर्षांचा असून माझे वजन ११२ किलो आणि उंची १६८ सेंटिमीटर आहे. ११ वर्षांपासून मधुमेह आहे, गेली तीन वर्षे इन्सुलिन घेतो. रात्री छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी येते. एका शल्यविशारदांनी स्लीव्ह सुचवली, दुसऱ्यांनी बायपास. कोणाचे ऐकावे?

तुमच्या पत्रातील छातीतल्या जळजळीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. स्लीव्हनंतर जठराची जी नळी उरते ती अरुंद असते आणि तिच्यातील दाब वाढलेला असतो. त्यामुळे आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्यांचा त्रास तिच्यामुळे वाढू शकतो, आणि ज्यांना तो नव्हता अशा काहींना नव्याने सुरू होतो. निर्णयाआधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज, व्रण किंवा अस्तरात बदल दिसला, तर स्लीव्हचा विचार सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला १५ ते ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती उरलेल्या जठरापासून वेगळी केली जाते. मग लहान आतडे एका ठिकाणी कापून त्याचे खालचे टोक वर आणून या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारे दुसरे टोक साधारण एक ते दीड मीटर खाली पुन्हा आतड्याला जोडले जाते. मोठे जठर आतच राहते, फक्त अन्न त्यातून जात नाही. पिशवी लहान असल्याने माणूस कमी खातो आणि वजन उतरते, हे खरे असले तरी अपुरे आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचल्यामुळे जीएलपी-१सारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात, त्यातून पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि इन्सुलिनचे काम सुधारते. म्हणूनच अनेक रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्यापूर्वी, काही दिवसांतच, खाली येऊ लागते. घरी जातानाच इन्सुलिनची मात्रा कमी करावी लागते. जुनीच मात्रा चालू ठेवली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

मधुमेह कायमचा जाईल, असे मी तुम्हाला सांगणार नाही. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के रुग्ण दोन वर्षांनी मधुमेहमुक्त स्थितीत होते. दहा वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितकी ही शक्यता कमी. तुमच्या बाबतीत औषधे घटतील, साखर आटोक्यात राहणे सोपे होईल, ही अपेक्षा वाजवी आहे. शस्त्रक्रियेआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र चुकवू नका, कारण साखर वेगाने खाली आली की आधीपासून असलेला पडद्याचा आजार काही काळ वाढू शकतो.

वजनापुरते पाहिले तर दोन्ही शस्त्रक्रियांत फार मोठी तफावत नाही. फिनलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये दोन्हींची थेट तुलना करणारे अभ्यास झाले. त्यांच्या पाच वर्षांच्या निष्कर्षांत बायपासने थोडे अधिक वजन उतरले, पण एवढ्यावरून एकीला श्रेष्ठ ठरवावे असे नव्हते. निवड वजनावरून करण्याऐवजी सोबतच्या आजारांवरून करावी, असे मी म्हणतो ते यामुळेच. एंडोस्कोपीत आणि इतर तपासण्यांत काही वेगळे निघाले नाही, तर तुमच्यासाठी बायपासचे पारडे जड आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. उंची १६२, वजन ६८. आठ-दहा किलो लवकर कमी करायचे आहेत. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेता येईल का?

नाही. तुमचा बीएमआय २६च्या आत आहे. १९९१पासून अनेक वर्षे ही शस्त्रक्रिया बीएमआय ४०च्या पुढे, किंवा ३५च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार असेल तरच सुचवली जात असे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांनी ही मर्यादा ३५वर आणली, सोबत मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असल्यास ३०पासून विचार करावा असे सांगितले आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी २७.५पासून विचार करता येईल असे नमूद केले. तुम्ही यांपैकी कशातच बसत नाही, आणि आठ-दहा किलोंसाठी निरोगी जठर कापणे कोणत्याही हिशेबात योग्य ठरणार नाही. पाळी अनियमित असेल किंवा वजन अचानक वाढले असेल तर मात्र त्यासाठी स्वतंत्र तपासणी करून घ्या.

प्रश्न : माझ्या भावाची शस्त्रक्रिया ठरली आहे. दोन आठवडे अतिशय कमी उष्मांकाचा, बहुतेक द्रव आहार, सिगारेट पूर्ण बंद आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांची भेट असे सांगितले आहे. तो चिडला आहे. "शस्त्रक्रियेनेच वजन उतरणार असेल तर आधी उपाशी का राहू, आणि मी वेडा आहे का?" असे म्हणतो. काय सांगावे?

त्याला यकृताबद्दल सांगा. स्थूल व्यक्तींच्या यकृतात चरबी साठून ते मोठे, जड आणि ठिसूळ झालेले असते, आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. तो उचलून धरताना फाटला तर रक्तस्राव होतो आणि नीट उचलला गेला नाही तर शल्यविशारदाला जठराचा वरचा भाग दिसतच नाही. दोन आठवड्यांच्या त्या आहाराने यकृत लक्षणीयरीत्या आकसते. त्याला आज उपासमार वाटणारी ही गोष्ट टेबलावर त्याच्याच सुरक्षिततेसाठी आहे. फक्त त्याला मधुमेह असेल तर या दोन आठवड्यांत औषधांच्या मात्रा बदलाव्या लागतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, म्हणजे "फ्लोझिन" गटातील गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. हे त्याने डॉक्टरांना आपणहून विचारावे.

सिगारेटबद्दल तडजोड नाही. निदान सहा आठवडे आधी ती बंद व्हायला हवी, आणि बायपास असेल तर नंतरही कधीच नको, कारण जठर व आतड्याच्या जोडावर व्रण होण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे असेल तर तेही सांगा. स्लीप ॲप्नियाचे निदान आधी झाले तर भूलतज्ज्ञ तयारीत राहतात.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीविषयीचा त्याचा राग मी समजू शकतो, पण ही भेट वेड शोधण्यासाठी नसते. दुःख, एकटेपणा किंवा ताण यांवर खाणे हाच आधार असलेल्या माणसाचा तो आधार आपण एका दिवसात काढून घेत असतो. त्याजागी काय येणार, हे आधी बोलले गेले नाही तर पुढे नैराश्य येऊ शकते किंवा खाण्याची जागा मद्य घेऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर मद्य रक्तात लवकर व जास्त चढते आणि बायपास झालेल्यांत व्यसनाचे प्रमाण दुसऱ्या वर्षापासून वाढल्याचे आढळले आहे. ही भेट मला उरलेल्या सगळ्या तपासण्यांइतकीच मोलाची वाटते.

प्रश्न : माझी स्लीव्ह होऊन पाच महिने झाले. २९ किलो वजन उतरले. पण केस मूठमूठ गळत आहेत. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून दोन महिन्यांपासून बंद केल्या. गेले तीन आठवडे जवळजवळ रोज उलट्या होतात आणि आता पायांना मुंग्या येतात. केसांसाठी काही उपाय सांगाल का?

हे उत्तर तुम्हाला पत्राने आधीच कळवले आहे. तरी इतरांसाठी येथे देत आहे. केस बाजूला ठेवा आणि आजच रुग्णालयात जा. सतत उलट्या आणि पायांना मुंग्या या दोन गोष्टी एकत्र आल्या की थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, संपत आल्याची शंका घ्यावी लागते. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो. वेळीच शिरेतून थायमिन मिळाले नाही तर चालताना तोल जाणे, दुहेरी दिसणे, गोंधळ होणे आणि कायमचे मेंदूचे नुकसान इथपर्यंत मजल जाऊ शकते. तिथे गेल्यावर वजनाची शस्त्रक्रिया झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा, कारण थायमिन देण्यापूर्वी ग्लुकोजचे सलाइन लावल्यास स्थिती बिघडू शकते. उलट्या का होतात, नळी कुठे आवळली किंवा पिळली गेली आहे का, हेही एंडोस्कोपीने पाहावे लागेल.

केसांविषयी बोलायचे तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे हे वेगाने वजन उतरल्याचा परिणाम म्हणून पुष्कळांना होते आणि सहसा ते आपोआप थांबून केस परत येतात. सहा महिन्यांनंतरही गळती चालू राहिली तर लोह, जस्त आणि प्रथिने कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. जेवणाच्या सुरुवातीलाच ती खावीत, कारण नंतर जागा उरत नाही.

गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते, पण त्यामागचे कारण फार थोड्यांना समजावून दिले जाते, असा माझा अनुभव आहे. ब१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक लागतो. जठराचा मोठा भाग काढला किंवा बाजूला टाकला की तो अपुरा पडतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात, आणि बायपासनंतर अन्न तिथून जातच नाही. लोहासाठी आम्लही लागते, ते दोन्ही शस्त्रक्रियांनंतर घटते. ब१२ची उणीव तर वर्ष-दोन वर्षे काहीच न जाणवता वाढत राहते, कारण यकृतात ब१२चा जुना साठा असतो. म्हणून बरे वाटते आहे एवढ्यावरून गोळ्या थांबवायच्या नसतात. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, त्यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळीने मळमळत असेल तर चघळण्याची गोळी, द्रव औषध किंवा इंजेक्शन असे पर्याय आहेत. ते मागून घ्या.

प्रश्न : माझ्या यजमानांची पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. घरी आणल्यावर मी कशाकडे लक्ष ठेवावे? खाण्याचे सगळे माझ्यावरच असणार आहे.

सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे टाक्यांच्या रेषेतून गळती. ती शंभरात एखाद्यालाच होते, पण बहुधा पहिल्या काही दिवसांत, म्हणजे रुग्ण घरी आल्यावरही होऊ शकते. जठरातील द्रव पोटात झिरपू लागला की ताप येण्यापूर्वीच नाडी वाढते. म्हणून पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्यांची नाडी मोजून लिहून ठेवा. विश्रांतीत असताना ती मिनिटाला १२०च्या वर राहिली, किंवा ताप, वाढती पोटदुखी, धाप, घोट-घोट पाणीही न टिकणे, काळे शौच, एका पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. "गॅस असेल" म्हणून घरी थांबलेल्या रुग्णांना नंतर फार सोसावे लागते, म्हणून इतके बजावून सांगतो आहे.

खाण्याचे टप्पे तुमचे आहारतज्ज्ञ लिहून देतील. सर्वसाधारणपणे आधी पातळ द्रव, मग दाट द्रव व एकजीव केलेले अन्न, मग मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे, पण अगदी लहान प्रमाणातले. पहिल्या दिवसांत भुकेपेक्षा पाण्याचीच मोठी अडचण असते. एका वेळी दोन-तीन घोटांवर जात नाही, म्हणून दिवसभरात दीड लिटर पूर्ण होईल अशा बेताने बाटली जवळ ठेवावी. जेवताना पाणी नको, आधी आणि नंतर अर्धा तास अंतर असावे. "अजून एक घास" असा आग्रह कृपया कोणीही करू नये. बायपास असेल तर गोड खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. पोट बाधले असे समजून औषधे देत बसू नका. तो पदार्थ टाळला की त्रास थांबतो. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घरात असतील तर त्या गोळ्या बाजूला काढा, बायपासनंतर त्या व्रण करतात. वजन झपाट्याने उतरत असताना पित्तखडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिले सहा महिने त्यासाठी औषध दिले जाऊ शकते. ते कशासाठी आहे हे ठाऊक असले की मध्येच बंद केले जात नाही.

प्रश्न : आता वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. मग जठर कापून घेण्याची गरज उरली आहे का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि पाच वर्षांपूर्वीचे उत्तर आज पुरत नाही. सेमाग्लुटाइडच्या २०२१मधील अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, तर टिर्झेपाटाइडच्या २०२२मधील अभ्यासात सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरले. शस्त्रक्रियेनंतर साधारण २५ ते ३० टक्के उतरते. अंतर कमी झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. फरक पडतो तो औषध थांबवल्यावर : सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. म्हणजे औषधही दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि शस्त्रक्रियेमागे आज २०-३० वर्षांचा अनुभव आहे तितका या मात्रांतील औषधांमागे नाही. बीएमआय ३०-३५च्या दरम्यान असेल तर मी आधी औषधाचा विचार करायला सांगेन. ४५च्या पुढे असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून औषध पुरेसे पडेल असे मला वाटत नाही. मात्र आधी औषधाने वजन थोडे उतरवून शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित करता येते.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी स्लीव्ह झाली. ३८ किलो उतरले होते, त्यांतले १४ परत आले. डॉक्टरांकडे जायची लाज वाटते. मी सगळे वाया घालवले का?

नाही. २४ किलो पाच वर्षे दूर राहिले आहेत, हे मोठे यश आहे. सर्वांत कमी वजन साधारण दीड-दोन वर्षांनी नोंदले जाते आणि त्यानंतर काही वजन परत येणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. शरीर उतरलेल्या वजनाला तूट समजते, भूक वाढवते आणि विश्रांतीतील ऊर्जेचा खर्च कमी करते. इच्छाशक्तीचा त्यात फार थोडा भाग असतो. लाजेपायी पाठपुरावा सोडलेले रुग्ण मला वजन वाढलेल्या रुग्णांपेक्षा अधिक काळजीत टाकतात, कारण त्यांच्या रक्ततपासण्याही थांबलेल्या असतात.

जाताना काही गोष्टी आठवून जा. दिवसभर थोडे-थोडे तोंडात टाकणे सुरू झाले आहे का? उष्मांक देणारी पेये वाढली आहेत का? झोप किती होते? स्टेरॉइड किंवा नैराश्याची नवी औषधे सुरू झाली आहेत का, कारण त्यांतील काहींनी वजन वाढते. त्यानंतर आहाराची फेरआखणी, वर उल्लेखलेली औषधे आणि गरज पडल्यास स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर असे मार्ग आहेत. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असते, म्हणून ती शेवटी.

प्रश्न : बायपासला सात महिने झाले. बाळाचा विचार कधी करावा?

शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावे. या काळात वजन वेगाने उतरत असते आणि बाळासाठी लागणारी पोषकद्रव्ये तुमच्याच शरीरात अपुरी असतात. सावध राहण्याचे आणखी कारण असे की वजन उतरताच पाळी नियमित होऊन गर्भधारणेची शक्यता एकदम वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांच्या शोषणाची खात्री देता येत नाही. म्हणून तांबी किंवा तोंडावाटे न घ्यायचे दुसरे साधन निवडा. दिवस राहिल्यावर जीवनसत्त्वाच्या गोळीतील "अ"चे स्वरूप डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण रेटिनॉलची जास्त मात्रा गर्भाला घातक असते. मधुमेहासाठी ग्लुकोजचे पाणी पाजून करायची चाचणीही तुम्हाला नको, तिने डम्पिंग होऊ शकते. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून रक्त घेऊन साखर तपासतात.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून बायपास झाला. आता अधूनमधून जेवणानंतर बेंबीच्या वरच्या बाजूला पिळवटल्यासारखी कळ येते आणि तासाभरात जाते. सोनोग्राफी दोनदा केली, काही निघाले नाही. इतक्या वर्षांनी याचा शस्त्रक्रियेशी संबंध असेल का?

असू शकतो, आणि म्हणून तुमचे पत्र शेवटी असले तरी उत्तर तातडीचे समजा. बायपासमध्ये आतड्याची नवी मांडणी करताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यांत फटी तयार होतात. त्या शस्त्रक्रियेतच शिवल्या जातात, पण वजन उतरून आतील चरबी वितळली की फट पुन्हा रुंदावते आणि आतड्याचा वेटोळा तिच्यात शिरतो, सुटतो, पुन्हा शिरतो. याला अंतर्गत हर्निया म्हणतात. तो वर्षानुवर्षांनंतरही होऊ शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात चिकटण्याचे प्रमाण कमी राहते, ही एरवी चांगली गोष्ट. पण त्यामुळे आतडी मोकळी राहतात आणि हा हर्निया उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक आढळतो. सोनोग्राफीत तो दिसत नाही. सीटी स्कॅन करावा लागतो, आणि कळ थांबलेली असताना केलेला स्कॅनही निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी लक्षणांवरूनच दुर्बिणीने आत पाहण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

बेरिॲट्रिक शल्यविशारदांची वेळ या आठवड्यातच घ्या. तोवर कळ आली आणि तासा-दोन तासांत थांबली नाही, किंवा सोबत उलट्या सुरू झाल्या, तर तातडीच्या विभागात जा. आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाती थोडेच तास असतात. तिथल्या डॉक्टरांना तुमच्या पोटावरचे ते लहानसे व्रण कदाचित दिसणारही नाहीत. म्हणून कोणत्या वर्षी, कोणता बायपास झाला हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी तो कुठे आहे ते सांगून ठेवा.